तोंड सोडून सारं

माय, तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच हे लिहायची हिंमत होते आहे. येत असतं तर पहिल्याच ओळीला म्हणाली असतीस, "लय शायनी झाली का वं?"

इचोड्याच्या बाजारात तू भाजी विकायचीस आणि तोंडात कायम भाजलेल्या तंबाखूची मिसरी. दात काळे कुळकुळीत. गुडीहत्नूरच्या मंडल ऑफिसात मी कारकून झाले तेव्हा तुझ्यासाठी दात घासायचा हिरवा ब्रश आणला होता. तू तो उलटासुलटा करून पाहिलास आणि दुसऱ्या दिवशी त्याने तराजूची पारडी घासत बसलीस. "मस्त निंगते वं माती, अजून एक आन!" बाजारातल्या बाया हसल्या. मी नाही हसले. ऑफिसातले लोक भाजी घ्यायला आले की तू तोंडभरून हसायचीस आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तुला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि मी तुला माझ्या खोलीवर आणलं. रोज अंग पुसायची, केसांना तेल, पाठीला पावडर, लुगडं दोनदा बदलायची. शेजारीण म्हणायची, लेक असावी तर अशी. तोंडावरून मात्र ओला फडका फिरवला की झालं. आत कोण बघतं? खरं सांगते, मला किळस यायची.

तिसऱ्या आठवड्यात तू खाणं सोडलंस. मऊ भात, वरण, आंबील, चमचा जवळ आला की ओठ घट्ट. मी समजले, हट्ट. तुझा हट्ट काय मला माहीत नव्हता! एका सकाळी ऑफिसला उशीर होत होता आणि मी ओरडले, "नाटकं पुरे झाली आता. उपाशी मरायचं असन त मर." तू डोळे मिटून घेतलेस.

दोन दिवसांनी तुला आदिलाबादला दवाखान्यात नेलं. तिथली तेलुगू नर्स तुझ्यावर वाकते, "नोरु तेरुवम्मा," म्हणते, आणि तिच्यासाठी तू तोंड उघडतेस. बोटाला ओलं फडकं गुंडाळून ती तुझ्या उजव्या गालात घालते. काय निघालं, माय! कितीतरी दिवसांचा भात, आंबलेला, आणि खाली गाल सोलून लालभडक. "इनका मुँह कौन साफ करता?" तिने विचारलं. लुळ्या बाजूला अन्न साचतं आणि रोग्याला ते कळत नाही, जेवल्यावर रोज काढायचं, हे तिनेच शिकवलं.

सहावीत असताना माझी दाढ सुजली होती. चुलीपुढे बसवून तू मीठ-हळदीचं बोट सरळ माझ्या तोंडात घातलंस. मी कचकन चावले. "चाव, पन हालू नको," म्हणालीस. झाल्यावर तेच बोट लुगड्याला पुसलंस आणि माझ्यासाठी भाकर थापायला लागलीस.

दवाखान्यातून आल्यावर मी तुझं तोंड रोज साफ केलं. तू खायला लागलीस, चार महिने जगलीस. लोकांना मी एवढंच सांगते. हा कागद कुठे जाणार नाही, तुझ्या लुगड्याच्या घडीत राहील, म्हणून उरलेलंही लिहिते. पहिल्या दिवशी बोट बाहेर काढलं, तशी मी मोरीवर गेले, साबणाने हात धुतला, वास घेतला, परत धुतला. वळून पाहते तर तू बघत होतीस. दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन आले तेव्हा तू डावा हात आधी ओठांवर धरलास. स्वतःच्या लेकीपुढे लाजलीस तू.

त्यानंतर मी हात बाहेरच्या नळावर धुवायला लागले, तुला दिसू नये म्हणून. पण धुवायची दोनदाच, माय, शेवटपर्यंत.