प्रतिसाद उत्तम

३ जुलै
वाशीमला रुजू झाले एकदाची! जऊळक्याहून सकाळची गाडी मिळते, म्हणून खोलीही घ्यावी लागली नाही. लॅब छोटी, पण सूक्ष्मदर्शक कोरा करकरीत. रुग्णाच्या पोटातलं पाणी येतं, त्यातल्या कॅन्सरच्या पेशींवर औषध टाकून त्या मरतात का ते मी बघायचं. औषधाला दबणारी पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात. शेजारी निरोगी पेशी हव्यात, म्हणून रोज स्वतःच्या गालाच्या आतून खरवडून काचेवर घेते. नमुन्याचं पाणी ओढायच्या काचेच्या नळीचा रबरी फुगा फाटलाय. इथले जुने तंत्रज्ञ जगदेवकाका म्हणाले, तोंडानेच ओढायचं, वीस वर्षांत त्यांना काही झालं नाही.

९ जुलै
इंझोरीच्या सोजरबाईंचं पाणी आलं. ओढताना थेंबभर तोंडात गेलं, लगेच थुंकले. पेशी भलत्याच! केंद्रक मोठं, वेडंवाकडं, भोवती नुसते बुडबुडे. औषध त्या बुडबुड्यांत कोंडून बाहेर टाकतात. एकही मेली नाही. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर राजपालांना म्हटलं, औषध बदला. त्यांनी काच न बघताच अहवालात 'प्रतिसाद उत्तम' लिहिलं. औषध त्यांनीच निवडलेलं ना! डोकंच फिरलं माझं.

१६ जुलै
सोजरबाईंनी हात धरला. "पोरी, मले दवाई लागूनच नाही राह्यली. तू तरी खरं लिही." लिहिलं. डॉक्टरांनी फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं.

१९ जुलै
माझ्या गालाच्या काचेवर बुडबुडे. काचांची अदलाबदल झाली असेल. फुग्यावरून जगदेवकाकांवर खेकसले. कॅन्सर असा लागत नाही, मलाही कळतं. मग हे काय आहे?

२२ जुलै
सोजरबाई गेल्या. फायलीत अजून 'उत्तम'. हरामखोर माणूस. माझ्या गालात गाठ — सुपारीएवढी.

२३ जुलै
माझ्या पेशींवर तेच औषध टाकलं. दुप्पट. तिप्पट. एकही — एकही नाही.

२४ जुलै
काच राजपालच्या टेबलावर आपटली. बघ म्हटलं, एकदा तरी डोळा लाव. मान वर केली नाही. माझ्या नावाच्या कागदावर तेच औषध लिहिलं, सही करून माझ्याच हातात दिला. प्रतिसाद उत्तम. शिव्या घालायला तोंड उघडलं, तर आत जागाच — जीभ हलेना — लिहितेय, हा कागद फाडून दाखव म्हणावं, माझं औषध बद