काखेकडून हाडाकडे

४ जानेवारी, अमरावती
अखेर पोचले! बडनेऱ्याला उतरले, ऑटोवाल्याशी यथेच्छ भांडले आणि संस्थेनं दिलेल्या खोलीत चहा घेऊन मजेत बसले आहे. स्तनांच्या गाठी तपासायच्या शिबिरांसाठी यांना माझ्यासारखी अकोल्याची मुरलेली नर्स मिळाली, हे यांचं नशीब. पण कौतुक राहिलं बाजूला, डॉक्टर माधवी मॅडमनी आल्या आल्या शिकवणीच घेतली. म्हणे बऱ्याच गाठी बाहेरच्या बाजूला, काखेकडे होतात. बाई वेळेत आली तर बहुतेकदा वाचते. छातीच्या मधल्या हाडालगतच्या कमी, पण जास्त वाईट. त्या हाडामागच्या ग्रंथींत गुपचूप शिरू शकतात आणि तिथं कोणाचं बोट पोचत नाही. म्हणे प्रणाली, हात आतल्या बाजूलाही फिरव. अहो, हे मला सांगता? अमरावतीकरांना शिकवायची भारी हौस.

९ जानेवारी, परतवाडा
काय एकेक बाया! मैनाबाई नावाची एक आली. काखेकडे बोराएवढी गाठ आणि तिच्याभोवती बिब्ब्याच्या तेलानं काढलेलं कडं, कातडी भाजून काळी. विचारलं तर म्हणे, गाठ चालते, कडं असलं की हाडाकडे जात नाही. मी सगळ्यांसमोर खो खो हसले. गाठीला पाय फुटले का गं, एसटी पकडते का? मॅडमनी तिला लगेच ऑपरेशनला पाठवलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, सिस्टर, सोताचंबी पाहत जा. मला! अक्षरओळख नाही आणि वर शहाणपण.

१८ जानेवारी
आंघोळ करताना हाताला लागली. डावीकडे, काखेजवळ, तुरीच्या दाण्याएवढी. घाबरायला मी काय मैनाबाई आहे? बाहेरची आहे, लहान आहे. या लोकांपुढे ब्लाऊज काढायचा आणि उद्या शिबिरभर कुजबुज? छट्! पुढच्या महिन्यात अकोल्याला गेले की दाखवीन. नंतर बघू म्हणणाऱ्या बायांना मी झापते, ते वेगळं. त्यांना अक्कल नसते.

२५ जानेवारी
पेनानं खूण केली होती. खूण तिथंच आहे. गाठ नाही. ती आतल्या बाजूला, हाडाकडे सरकली आहे. खूण करताना माझाच हात चुकला असणार, दुसरं काय.

१ फेब्रुवारी
नवी खूण सकाळी केली. दुपारपर्यंत तीही मागं पडली. शेवटी मॅडमपुढे बसले, नाक मुठीत धरून. सोनोग्राफीत खुणेखाली काहीच नाही. मशीन सरकलं की गाठही सरकत होती, मला कळत होतं. मॅडम म्हणाल्या, दमलीस, तरी मोठं स्कॅन करू. यांना डॉक्टर कुणी केलं?

५ फेब्रुवारी
जीपनं परतवाडा. मैनाबाई अंगणात तूर निवडत बसलेली. ऑपरेशन झालं, बरी आहे. तिची गाठ बाहेरच राहिली होती. तिच्या पाया पडले — मी! म्हटलं, कडं काढ. तिनं माझ्या गाठीवर बोट फिरवलं आणि हात मागं घेतला. म्हणाली, आता कड्यानं काई होत नाई माय, हे हाडापाशी हाय, आजच मोठ्या दवाखान्यात जाय. काढ म्हटलं ना — नाही काढलं. दळभद्री बाई. रडत होती माझ्यासाठी.

६ फेब्रुवारी
हाडाच्या कडेला. दाबून धरली. बोटाखालून — मले जगायचं हाय. मले मरायचं नाई.

७ फेब्रुवारी
स्कॅनच्या खोलीबाहेर. मॅडम शेजारी, माझा हात धरून. बोटांना काहीच लागत नाही. त्या म्हणतात, बघ, उगाच घाबरलीस. गेली नाही ओ — हाडामागं गेली. सांगून राहिली, कोणी ऐकूनच नाही राहिलं —
नाव पुकारलं. उठते.
हाडावर कोणी टकटक करून राहिलं. आतून. मॅडम, आतून कोणी —