फोक्कोंची म्हातारी आणि माझा तक्ता

५ ऑक्टोबर, रविवार

दिला शब्द! चहाच्या तिसऱ्या कपावर, हातात हात देऊन. आता माघार नाही.

समोरच्या घरातले फोक्को एक एप्रिलला वृद्धाश्रमात जाणार. वय चौऱ्याऐंशी, पाय साथ देत नाहीत. तिथे खोलीत खुर्ची चालते, फोटो चालतो, खाऱ्या पाण्याची टाकी चालत नाही. आणि ह्यांच्या टाकीत आहे म्हातारी! म्हणजे एक प्रवाळ. चामड्यासारखं जाड, दोन पंजांएवढं, छत्रीसारखं उघडणारं. रुसली की आठ-आठ दिवस मिटून बसते. एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोनं, गेशेनं, बोटाएवढा तुकडा स्वतःच्या हातानं दगडावर लावला होता. गेशे जाऊन नऊ वर्षं झाली. म्हातारी आहे.

"रीम्ट, तिला तू घे," म्हणाले. "तू काळजी घेणारा माणूस आहेस."

कपात गरम चहानं खडीसाखर तडकली. 'घेतो' म्हटलं.

"साधी काचेची टाकी घे, एक पंप, एक हीटर, एक दिवा. पाणी नि दगड माझ्याच टाकीतले ने, म्हणजे तिला घर बदललेलं कळणारसुद्धा नाही. एका शनिवारी उरकतं बघ."

शनिवारी उरकतं म्हणे! चौतीस वर्षं मी तपासणी केंद्रात गाड्या तपासल्या — ब्रेक, दिवे, धूर. एका शनिवारी उरकलेल्या गाड्या कशा असतात ते मला विचारा.

८ ऑक्टोबर

तक्ता सुरू केला. टाक्या बावीस, पंप एकोणतीस, दिवे सतरा. आवाज किती, वीज किती, काच किती जाड, सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील का — सगळ्याला रकाने. हिल्के पाठीशी उभी राहून बघत होती.

"ह्यात म्हातारीचा रकाना कुठला?"

चाळीस वर्षं माझ्याशी संसार केला, पण तक्त्यातलं हिला काडीचं कळत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मत्स्यमंडळाची बैठक, खानावळीच्या मागच्या खोलीत. अध्यक्ष वेर्ट. घरी नऊशे लिटरची टाकी, त्यामुळे बोलताना आधी पोट पुढे येतं, मग शब्द. मी म्हटलं, शंभर लिटरची घेतोय. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सायीच्या चहात लिंबू पिळलं!

"शंभर?" वेर्ट म्हणाला. "त्याला टाकी नाही म्हणत रे. वाटी म्हणतात."

मग जुंपली. स्किमर नावाचं एक यंत्र असतं, पाण्यातली घाण फेसात धरून बाहेर काढतं. एकाचं म्हणणं, त्याच्याशिवाय सगळं मरेल. दुसऱ्याचं म्हणणं, त्याच्यामुळेच सगळं मरेल. तिसरा म्हणाला, त्याच्याकडचं सगळं मेलं, पण स्किमर अजून उत्तम चालतो. मी अकरा पानं टिपणं घेतली.

निघताना वेर्टला विचारलं, तुझ्या टाकीत सध्या काय काय आहे?

"सध्या काही नाही," म्हणाला. "दिवा बदलतोय. दोन वर्षं झाली."

मोठा माणूस. घाई नाही.

१४ नोव्हेंबर

पहिला पंप आला. नापास! गुणगुणतो. हिल्के म्हणते तिला ऐकू येत नाही. मी विचारलं, पालथं झोपून कान लावून बघितलंस का? नव्हतं बघितलं. मग?

लाल चिठ्ठी लावली. निवृत्त होताना चार गठ्ठे उरले होते ते घरी आणले, आता कामाला येतात. "नापास. कारण अमुक. फेरतपासणी चार आठवड्यांत." चिठ्ठी खोक्यावर नाही लावायची, वस्तूवरच लावायची — सवय आहे. चौदा दिवसांत कारण न सांगता वस्तू परत पाठवता येते, पण मी कारण सांगतो. न सांगता नापास करणं म्हणजे निव्वळ दादागिरी.

पार्सल टाकायला हिल्के गेली. सप्टेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ओझं उचलणं बंद, तळघराचा उभा जिना तर डॉक्टरांनी सक्त बंद केलाय. टपाल, बँक, तळघरातली धुलाई, सगळं सध्या तिच्याच गळ्यात.

२ डिसेंबर

टाकी नापास. मागच्या उजव्या कोपऱ्यात सांधा एक मिलिमीटर जाड.

"गळते का?" हिल्केनं विचारलं.

"नाही. पण जाड आहे."

तिनं त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ठीक आहे. नेते." ढकलगाडीवर घालून घेऊन गेली. गुणाची बाई आहे, हे लिहून ठेवायला हवं.

१० डिसेंबर

हीटर नापास. पाव अंश चुकतो!!

२४ डिसेंबर

नाताळची संध्याकाळ. सॉसेज नि बटाट्याचं सॅलड. हिल्के फोक्कोंना हात धरून घेऊन आली. जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढलाच.

"काय रीम्ट, कुठवर आलं?"

मी तक्ता पसरला. मुद्दाम छापून आणला होता, टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चष्मा लावून त्यांनी सगळा वाचला, अगदी तळटिपांसकट.

"सुरेख," म्हणाले. "जहाजावर आमचा एक वरिष्ठ इंजिनिअर होता, अगदी असाच."

मला बरं वाटलं. "मग?"

"मग काय! जहाज बंदरातच राहिलं."

हिल्के इतकी हसली की तिला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. फोक्को तिला मदत करायला मागोमाग गेले. दोघं आत बराच वेळ कुजबुजत होते. मोहरीची बाटली सापडत नसणार.

जाताना माझा हात धरून म्हणाले, "थांबायला तिला काही नाही रे. तारीख मला आहे."

हे मला लागलं. म्हणून उद्या सणाच्या दिवशीसुद्धा दिव्यांचे रकाने पुरे करणार.

१२ जानेवारी

दिवा नापास. चालू केला आणि खोली अशी निळीशार झाली की मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. इतकं छान वाटतंय म्हणजे कुठेतरी गडबड असणार. मोजलं. निघालीच! कागदावर लिहिलंय त्यापेक्षा चार टक्के कमी उजेड.

२९ जानेवारी

स्किमर बादलीत चालवून बघितला. फेसाचा रंग पुस्तिकेतल्या चित्राशी जुळत नाही. नापास.

हिल्के हल्ली विचारतसुद्धा नाही. मी चिठ्ठी लावायच्या आत कोट घालून तयार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तळघरातलं धुलाईचं यंत्र सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक; आमचा वार मंगळवार. तळघराच्या दारावर वेळापत्रक आहे, मीच लावलंय! आणि हिल्के आज गुरुवारी दीड तास खाली. कालही होती. विचारलं तर म्हणते, "पडदे." घरात पडदे तीन! मी नोंद ठेवलीय. ह्या महिन्यात सात वेळा.

गुरुवार वरच्या मजल्यावरच्या बोल्सेनबाईंचा. त्यांनी तक्रार केली तर मी तोंड कुठे लपवू? पण विचित्रच झालं. दारात भेटल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "किती सुंदर केलंत हो तुम्ही!"

"वेळापत्रक ना?" म्हटलं.

त्या नुसत्या हसल्या. चला, चांगलं काम केलं की कुणाच्या तरी नजरेत भरतं.

२१ फेब्रुवारी

समुद्रमिठाची बादली तोलली. आली तेव्हा पंचवीस किलो, आज एकवीस किलो चारशे ग्रॅम! विक्रेत्याला दोन पानी पत्र लिहिलं, चांगलं खरमरीत.

"उडालं असेल हवेत," हिल्के म्हणाली.

मीठ हवेत उडत नाही, हे तिला शांतपणे समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. शिकायची तयारी आहे तिची, एवढं खरं.

५ मार्च

फोक्कोंच्या खिडकीसमोरून हल्ली मी मान खाली घालून जातो. आज त्यांनी काचेवर टकटक केली. मी टोपी नीट करायचं सोंग केलं नि पुढे सटकलो. जानेवारीपासून त्यांच्याकडे पाऊल टाकलं नाही. काय तोंड दाखवू? तक्ता एकवीस पानांचा झालाय, आणि टाकीच्या जागी कपाटावर धूळ आहे.

इथे कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहितो. भीती वाटते मला. गाडी नापास केली की कुणी मरत नाही. माणूस मरायला येतो तो पास केलेल्या गाडीनं. एकदाच — एका शनिवारी, बंद व्हायच्या वेळेला — घाईत एक पास केली होती. ब्रेक. माणूस वाचला, पण अजून काठी घेऊन चालतो. बाजारात दिसतो कधीकधी. मला 'मॉइन' म्हणून नमस्कार करतो, कारण चिठ्ठीवर सही कुणाची होती ते त्याला ठाऊक नाही. तेव्हापासून 'पास' लिहायला हात उचलत नाही. आणि इथे तर गेशेच्या हातचा एकतीस वर्षांचा जीव.

१८ मार्च

सापडला! दिवा. एकही दोष नाही. सगळे रकाने हिरवे. पंपही ठरला, टाकीही ठरली. साडेपाच महिन्यांचं सार्थक!

दुपारी चार वाजता: दिवा यायला दहा आठवडे लागणार. म्हणजे मेअखेर.

हिल्केला सांगितलं. तिनं माझ्यापुढे कप ठेवला. चहा ओतला, वर साय सोडली. सायीचा चहा आमच्याकडे कधी ढवळत नाहीत, आणि मी चमचा घालून ढवळायला लागलो — तिच्या घरात, तिच्या चहात! — तरी टोकलं नाही. तेव्हा समजलो मी किती वाईट दिसत असेन.

३० मार्च, सोमवार

गेलो शेवटी. सांगणारच होतो, 'फोक्को, नाही जमलं मला, तुमचं तुम्हीच कुणीतरी बघा.' वाक्य तीनदा घोकलं होतं.

दार सताड उघडं. सामान नेणारी दोन माणसं कपाट बाहेर काढत होती. टाकी भिंतीशी. रिकामी. कोरडी. आतून पुसलेली.

"ह्यातलं काय केलंत?" मी ओरडलोच.

"कशातलं? आम्ही आलो तेव्हा अशीच होती, साहेब."

"आणि म्हातारबाबा?"

"चहाला गेलेत कुठेतरी."

गेली म्हातारी. कुणाला देणार होते बिचारे? शब्द मी दिला होता. फेकली असेल. नाहीतर आधीच मेली असेल आणि मला सांगवलं नसेल त्यांना. एवढी वर्षं गेशेच्या मागे जपली, आणि मी मारली. एकही चूक न करता मारली!

घरी येऊन हिल्केसमोर रडलो. लहान पोरासारखा, नाक वाहेपर्यंत. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"उद्या मंगळवार," म्हणाली. "धुलाईला तू पण चल खाली. जिन्यात मी धरते तुला."

धुलाई! माझं हे असं झालंय आणि हिला कपड्यांचं पडलंय!

३१ मार्च, मंगळवार

उतरलो. धुलाईच्या यंत्राशेजारी निळा उजेड. जाड कोपऱ्याची टाकी. गुणगुणणारा पंप, पाव अंश चुकणारा हीटर, चार टक्के कमी दिवा, भलत्या रंगाचा फेस. प्रत्येकावर लाल चिठ्ठी, अक्षर माझं. आणि मधोमध म्हातारी, पूर्ण उघडलेली!

हिल्केनं आधीच धरून उतरवलेले फोक्को स्टुलावर बसले होते, हातात कप. "एका शनिवारी उरकलं, रीम्ट. फेब्रुवारीतच. आश्रमातून दर मंगळवारी हिल्के मला आणणार आहे."

बाजूला एक रिकामं स्टूल. त्यावर लाल चिठ्ठी, पण अक्षर हिल्केचं: "रीम्ट. नापास. कारण: उशीर. फेरतपासणी दर मंगळवारी, चहाच्या वेळी."

चिठ्ठी न काढता बसलो.