अकरावी ओळ

१२ जानेवारी

न्यूट्रिनो या कणाला वस्तुमान का आहे? जुन्या सिद्धांताप्रमाणे नसायला हवं. पण आहे! इवलंसं. आणि ते न दिसणारं डार्क मॅटर कशाचं? माझ्या गाइड पद्मजा मॅडमच्या जुन्या पेपरात दोन्हींचं उत्तर एकच — नव्या कणांचं एक कुटुंब. न्यूट्रिनोला वस्तुमान त्यांच्यामुळे मिळतं, आणि त्यातला सर्वांत हलका कण कधी फुटत नाही. तोच डार्क मॅटर. माझी अख्खी पीएचडी यावर उभी आहे.

जेवताना बाबा म्हणाले, "दिसत नाही, तर आहे काहून म्हणता तुम्ही लोक?" म्हटलं, नसतं तर इतक्या जोरात फिरणाऱ्या आकाशगंगा कधीच विस्कटल्या असत्या. "अच्छा," म्हणून त्यांनी वरण वाढून घेतलं.

१५ जानेवारी

मॅडम महिनाअखेरीस निवृत्त होणार. निरोपाच्या दिवशी याच पेपरवर बोलणार आहेत. म्हटलं, आपणही एकदा एकेक ओळ हाताने सोडवून पाहावी. आजवर शेवटचं सूत्र उचलून कम्प्युटरला देत आले!

१६ जानेवारी

अकरावी ओळ जुळत नाही. माझंच चुकलं असणार.

१९ जानेवारी

माझं नाही चुकलं! मॅडमनी एक सूत्र एका पुस्तकातून घेतलंय, दुसरं दुसऱ्यातून. दोन्हींत अधिक-उण्याची पद्धत उलटी. आमच्या धंद्यातली नेहमीची ठेच. पण इथे चिन्ह सुधारलं तर सगळं कुटुंबच उलटं झालं — सर्वांत हलका निघाला विद्युतभार असलेला भाऊ. भार आला की प्रकाशाशी संबंध आलाच. म्हणजे डार्क मॅटर चक्क दिसलं असतं! आधी हसू आलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासलं. तेच.

२२ जानेवारी

सांगितलं तर मॅडमचा आयुष्यभराचा पेपर जातो, आणि त्यामागून माझा प्रबंधही. भीती वाटते. पण या उलट्या कुटुंबाचं पुढे काय होईल? निदान न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचं उत्तर तरी वाचेल का? हे पाहिल्याशिवाय चैन नाही. मेली सवय!

२४ जानेवारी

विभागातर्फे बडा फुहाऱ्याच्या बाजारातून मॅडमना निरोपाची साडी आणली. मोरपंखी. अकराव्या ओळीचा विषय काढला नाही.

२७ जानेवारी

सांगितलं. मॅडमनी चष्मा पुसला, ओळ पाहिली, स्वतः सोडवली. मी कसंबसं सॉरी म्हटलं.

"सॉरी काहून म्हणून राहिली? इतकी वर्षं झाली, समिधा. या ओळीपर्यंत कोणी आलंच नव्हतं गं."