चौथा उतारा आणि वाटीतली सुपारी

प्रिय सुनंदा,

'प्रिय' लिहिलंय खरं, पण दोनदा खोडून. रविवारी तुझ्या वर्षश्राद्धाला पोटभर जेवून आले, तुझ्या फोटोला हार घातला, आणि सोमवारी कचेरीत तुझी लबाडी सापडली. भांडायला तू समोर नाहीस, मग काय करू? म्हणून हे पत्र.

संस्थेने आपला वाचन-आकलनाचा कार्यक्रम पुन्हा करायला काढलाय. या वेळी सीडी नाही, थेट इंटरनेटवर. त्यासाठी जुनं कपाट उघडलं, तर आपण घेतलेल्या चाचण्यांच्या कॅसेट तिथेच होत्या, तुझ्या गोल अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. इतक्या वर्षांत तुझ्याकडच्या कॅसेट मी एकदाही ऐकल्या नव्हत्या. कशाला ऐकू? तुझी टिपणं होती ना! 'उतारा चौथा : स्वतः वाचला, मदतीशिवाय समजला.'

नियम आठवतोय? आपला विद्यार्थी दूरशिक्षणाचा. तो घरी नाहीतर केंद्रावर संगणकापुढे एकटाच बसणार, शेजारी बाई नसणार. म्हणून चाचणी घेताना आपणही तिथे नसल्यासारखंच बसायचं. समोरचा अडला, चुकला, रडकुंडीला आला तरी अवाक्षर काढायचं नाही. कुठे अडला तेवढं लिहायचं. आणि तू तर वीस वर्षं शाळेत शिकवलेली! तुझं तोंड बंद राहावं म्हणून मीच सुपारीची युक्ती काढली. उतारा सुरू झाला की अख्खी सुपारी गालात, संपला की स्टीलच्या वाटीत. "शैला, अगं बैलालासुद्धा मुसकं मळणीपुरतंच बांधतात," म्हणाली होतीस. किती हसलो होतो आपण!

अंबडच्या कारखान्यातल्या बायकांच्या चाचण्या मी घ्यायच्या, त्र्यंबकच्या तू, असं ठरलं. पण माझ्याकडच्या बायका पाळी बदलली की येईनाशा व्हायच्या. पहिल्या तीन उताऱ्यांपलीकडे कोणीच गेलं नाही. पुढचा सगळा भरवसा तुझ्या टिपणांवर.

सोमवारी मीराबाईची कॅसेट लावली. अंगणवाडीत मदतनीस होती बघ, सेविका व्हायचं म्हणून शिकत होती. चौथा उतारा म्हणजे पाण्याची सूचना : 'बुधवारी नळाला पाणी येणार नाही.' खाली प्रश्न : तुम्ही पाणी कोणत्या दिवशी भरून ठेवाल? मीराबाई अक्षर अक्षर लावत वाचते. मग म्हणते, "बाई, यात तर नुसता बुधवारच हाय. भरायचा वार कुठं लिव्हलाय?"

आणि टक् असा आवाज आला. सुपारी वाटीत पडल्याचा!

"मीराबाई, पडद्यावरचं सोडा. उद्या पाणी नाही असं कळलं की तुम्ही घरी काय करता?"

"आजच भरून ठिवते."

"मग?"

"मंगळवार! आवं बाई, हे तर लय सोपं हाय!"

पुढची कॅसेट लावली. टक्. त्याच्या पुढची. तीच गत. दुपारचं जेवण राहिलं, पण तुझ्या सगळ्या कॅसेट ऐकूनच उठले. तू चाचणी घेतलीच नव्हतीस, सुनंदा. तू शिकवलंस. आणि कागदावर लिहिलंस 'मदतीशिवाय'!

त्या शब्दावर विसंबून मी अख्खा कार्यक्रम बांधला. उत्तर चुकलं की पडद्यावर एकच वाक्य : 'पुन्हा वाचा.' सूचक प्रश्न कशाला घालू? कोणाला लागलेच नव्हते! सीडी केंद्रांवर गेल्या आणि जो तो चौथ्या उताऱ्यापाशी अडकला. मी त्र्यंबकच्या केंद्रावर गेले तेव्हा मीराबाई तीच सूचना परत परत वाचत होती. मी तिला काय म्हणाले, माहीत आहे? "मीराबाई, चाचणीत तर आलं होतं तुम्हाला. अभ्यास सोडलात वाटतं."

ती खाली बघून म्हणाली, "तवा बाई व्हत्या ना जवळ. आता माझंच डोकं नाय चालत, ताई." मला वाटलं, सोबतीचा धीर होता एवढंच म्हणतेय. पुढच्या महिन्यात तिने नाव काढून घेतलं.

आणि ती बैठक! साहेबांनी विचारलं, चाचणीत सगळ्यांना जमलं ते केंद्रावर कोणालाच का जमत नाही? तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस. मी म्हणाले, विद्यार्थी मेहनत घेत नाहीत. तू चहात बिस्कीट बुडवत राहिलीस. गप्प बसायचं तिथे बोललीस आणि बोलायचं तिथे गप्प बसलीस! कार्यक्रम बंद झाला, बोलणी मी खाल्ली, ते एक वेळ सोडून देईन. पण मीराबाईला मी तोंडावर आळशी म्हणाले, ते कसं सोडू?

आजारपणात शेवटचे दोन महिने मी रोज तुझ्याकडे डबा घेऊन येत होते. लोणच्याची फोड छान मुरलीय, हे सांगितलंस. भाचीच्या लग्नाचं सांगितलंस. हे सांगायला एकही दुपार मिळाली नाही तुला? मी ओरडले असते, दोन दिवस आले नसते. तिसऱ्या दिवशी आलेच असते की गं!

खरं सांगू? काल मी नव्या उताऱ्याची चाचणी घ्यायला बसले, सुपारी गालात धरून. समोरची बाई अडली, माझ्याकडे बघायला लागली. माझा हात दोनदा वाटीकडे गेला. तू सुपारी काढल्याचा राग तेव्हाच ओसरला. लपवल्याचा नाही ओसरला. तो राहू दे.

नव्या कार्यक्रमात चौथ्या उताऱ्यावर कोणी चुकलं की 'पुन्हा वाचा' येणार नाही. 'घरी काय करता?' हा तुझाच प्रश्न येईल. ते काम मी करीनच. पण तुला शब्द देतेय तो दुसरा आहे. येत्या रविवारी मी टेपरेकॉर्डर घेऊन त्र्यंबकला जाणार आहे. मीराबाई मला दारात उभं करेल की नाही, कोण जाणे. केलं, तर तिला तिचाच 'मंगळवार!' ऐकवीन. सांगेन की डोकं तुमचं चालत होतं, चुकलो आम्ही दोघी. तुझं नाव घेणार आहे, सुनंदा. तुला झाकणार नाही, आणि मलाही नाही.

तुझीच, आणि अजून तुझ्यावर चिडलेली,
शैला