लाल दिवा लागला होता

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींच्या हाताचं ड्रेसिंग आता एक दिवसाआड होत असेल असं धरून चालते, कारण तू फोन उचलत नाहीस. आईचा गुडघा आहे तसाच. माझ्या खिडकीची काच एकदाची बसली.

अपघाताच्या चौकशीत मी जे बोलले त्याचा तुला राग आलाय, हे आईकडून कळलं. पण मला तिथे तुझी बहीण म्हणून बोलावलं नव्हतं. प्रेसमध्ये भावजी ज्या मशीनवर कागद कापतात, तिचा प्रोग्राम मी लिहिलाय, म्हणून बोलावलं होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "थांबायचं बटण दाबलं आणि तरी पातं खाली आलं, असं होऊ शकतं का?" मी म्हटलं, "नाही."

भावजी म्हणतात, बटण दाबलं, लाल दिवा लागला, म्हणून गठ्ठा सरळ करायला हात घातला. ताई, घोडं इथेच पेंड खातं. बटण दाबलं की प्रोग्राम हातातलं काम जिथल्या तिथे सोडतो. याला इंटरप्ट म्हणतात. तेवढ्यात तो दिवा लावतो, 'थांब' अशी खूण करून ठेवतो आणि परत आपल्या कामाला लागतो. पुढचा काप घेण्याआधी ती खूण बघतो. खूण असेल तर पातं जागचं हलत नाही. म्हणजे दिवा लागला असेल तर पातं येणार नाही, आणि पातं आलं असेल तर दिवा लागलाच नसणार.

मग ही दिव्याची गोष्ट आली कुठून? दवाखान्यातल्या पहिल्या जबानीत ती नव्हती, दुसऱ्या दिवशी आली. मधल्या संध्याकाळी प्रेसचा वायरमन तुमच्याकडे येऊन गेला, त्याची स्कूटर मी तुमच्या घराखाली पाहिली. मशीनच्या पॅनेलची किल्ली त्याच्याकडेच असते. त्याने बटणाच्या वायरी हलवल्या होत्या का? भावजींच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता का? मी आरोप करत नाही, विचारतेय. तू बायको आहेस, तुला त्यांनी खरं सांगितलं असेल.

प्रोग्राममध्ये सगळं नीट आहे. दोनेक जागा मी परत वाचणार होते, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

उत्तर पाठव. नाहीतर मला जे समजायचं ते मी समजेन.

तुझी धाकटी

२९ मे

प्रिय ताई,

नमस्कार. आई बरी आहे, जिना चढते. मी सोमवारपासून घरी आहे, ते का, ते पुढे येईलच. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

मार्चमध्ये वायरमन आमच्या ऑफिसात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. म्हणाला, "बाई, मी रोज जेवणाच्या सुट्टीत पातं काढून ठेवतो, मशीन रिकामी चालवतो आणि दर कापाला बटण दाबतो. एकोणीसशे वेळा दाबलं. एकदा दिवा लागला आणि पात्याचा दांडा तरीही खाली आला."

"तुम्ही त्यांची बाजू घेताय," मी म्हटलं.

"घेतोय ना. म्हणून तर म्हणतो, तुम्ही स्वतः दाबा."

मी गेले ती त्याला पकडायला. स्वतःचा मीटर नेला, पॅनेलमधली वायर न् वायर तपासली. तो कोपऱ्यात डबा खात बसला होता. त्याने पॅनेलला हात लावू नये म्हणून मी किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली, तरी तो हसला नाही की चिडला नाही. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी मी बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि दांडा धाडकन खाली आला. मी हात मागे घेतला, खरं तर तिथे पातंही नव्हतं. वायरमन उठला, वहीत एक रेघ मारली आणि परत जेवायला बसला.

काय होतं ते सांगते. मी जागा वाचवायला आठ खुणा एकत्र ठेवल्या होत्या, जशा एका फळ्यावर आठ गोष्टी लिहाव्यात. मुख्य प्रोग्रामला त्यातली आपली एखादी खूण पुसायची असली की तो अख्खा फळा उतरवून घेतो, आपली खूण काढतो आणि सगळं परत लिहितो. सी या प्रोग्राम लिहायच्या भाषेत ही एकच ओळ दिसते, आत मात्र तीन पायऱ्या असतात. उतरवणं आणि परत लिहिणं यांच्या मधल्या फटीत कोणी बटण दाबलं तर दिवा लागतो, 'थांब' लिहिलं जातं, आणि पुढच्या क्षणाला प्रोग्राम त्यावर आपली जुनी नक्कल लिहून टाकतो. दिवा तसाच लाल राहतो. 'थांब' गेलेलं असतं.

चौकशीत मी तो भाग दाखवून सांगितलं होतं की इथे व्होलाटाइल असा शब्द आहे, म्हणजे खूण दर वेळी नव्याने वाचली जाते, काळजी नको. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. पण त्या शब्दाने ही फट बुजत नाही. ती बुजवायला तेवढ्या क्षणापुरते इंटरप्ट बंद ठेवायचे, खूण बदलायची आणि परत चालू करायचे. बटणाचा निरोप तेवढा वेळ दारात उभा राहतो, हरवत नाही. दोन ओळींचं काम.

आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "नवी प्रत टाका सगळीकडे. देखभाल म्हणून टाका. जुनं कशाला उकरायचं?" दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवरून प्रोग्रामच्या जुन्या प्रती उघडेनात. चूक कोणाची, हे त्यांना लपवायचंय असं मला वाटलं. मग वाटलं, ऑफिसातल्या दुसऱ्या कोणी इंजिनिअरने काहीतरी खोडलं असेल. माझ्याकडे घरी एक नक्कल होती. कोणी काय कधी बदललं, ते तिच्यात सगळं असतं. मी ती दुसऱ्याचं नाव सापडेल म्हणून उघडली, असंच लिहिणार होते तुला. पण तसं नाहीये, ताई. आत काय आहे हे मला ठाऊक होतं.

त्या ओळीच्या वर दोन वर्षांपूर्वी मी एक टीप लिहिली होती: "इथे इंटरप्ट बंद करायला हवेत. नंतर बघू." मशीन पाठवायची घाई होती, मग राहूनच गेलं. चौकशीच्या आदल्या दुपारी मी ती टीप खोडली. ओळ दुरुस्त केली नाही, फक्त टीप खोडली. मी स्वतःला सांगितलं की उगाच कोणाचा गैरसमज नको. आणि दुसऱ्या दिवशी भावजींच्या समोर "नाही" म्हटलं. त्यांनी पट्टी बांधलेला हात टेबलाखाली घेतला, ते मी पाहिलं होतं. वायरमन आला त्या दिवशी मी त्याच्यावर चिडले, कारण तो जे मोजत होता ते मला मोजायचं नव्हतं. फेब्रुवारीत तुला मोबाइलबद्दल विचारलं, तेव्हाही माझ्या मनात तीच ओळ होती.

सगळं लिहून दिलंय मी, खोडलेल्या टिपेच्या तारखेसकट. एक प्रत साहेबांना, एक चौकशी अधिकाऱ्यांना. सव्वीस ठिकाणी ही मशीन आहे, तिथे मी स्वतः फोन करून ती बंद करायला सांगितली. साहेबांनी त्याच दिवशी मला घरी पाठवलं. मशीन आता एकेक करून दुरुस्त होतायत आणि बटण प्रोग्रामच्या भरवशावर न राहता थेट पात्याची वीज तोडतं. मुळात तेच करायला हवं होतं.

चौकशी नऊ जूनला परत उघडतेय. भावजींच्या नावापुढचा 'निष्काळजी' हा शेरा काढायला माझी जबानी लागेल. मी देणार आहे, त्यांच्याकडे बघून देणार आहे. त्याने बोटं परत येणार नाहीत, हे मला कळतं. त्यांना यायचं नसेल तर येऊ नका म्हणावं, कागद घरी पाठवते. पण ते आले तर तूही ये, कारण मी जे सांगेन ते तुझ्यासमोर सांगायचंय.

भावजी खरं सांगत होते. मी खोटं बोलले.

तुझी बहीण