विरजण कुणाचं?

७ एप्रिल
दही गोड! धारवाडहून भावाकडून परत आले, पहिलाच घास — आणि गोड! सासूबाईंच्या विरजणाचं दही कधी गोड लागलंय? सुनेला, पद्माला विचारलं. "तेच आहे आई." माझ्याकडे न बघता! दुकानातलं घालून मोकळी झाली असणार.

मला लिहिता येत नाही. नात भार्गवीनं फोनमध्ये सोय करून दिलीय — मी बोलते, तो लिहितो. चुगली करत नाही, एवढा गुण आहे त्याच्यात.

८ एप्रिल
कचऱ्याचा डबा उपसला. दह्याची पिशवी नाही. हुशार आहे बाई.

१० एप्रिल
भार्गवी कॉलेजात जंतूंचाच अभ्यास करते. विचारलं, विरजणात रोज दूध नाही घातलं तर?

"अज्जी, जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. तेच आम्ल उलटं त्यांच्या अंगात शिरायला लागतं. त्यांना ते कळतं! मग पंप चालवून बाहेर फेकत बसतात. पण पंपाला शक्ती हवी. साखर संपली की पंप बंद. स्वतःच्याच आंबटपणात मरतात."

"आपल्या घरात आहेत असे एकदोघं," मी म्हटलं. ती हसली. माझ्याकडे बघून का हसली?

म्हणजे आपलं विरजण मेलंच! मरताना सासूबाईंनी दागिन्यांआधी विरजणाचं पातेलं माझ्या हाती दिलं होतं.

१२ एप्रिल
आज चव अगदी आपली. मेलेलं उठतं कसं?

१३ एप्रिल
शेजारची गोजराबाई बोलून गेली — "तुम्ही गावाला असताना सूनबाई डबा घेऊन बनशंकरीच्या बसमध्ये चढल्या की!"

बनशंकरीला अंबू राहते, माझी धाकटी जाऊ. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा याच पातेल्यातलं चमचाभर तिला दिलं. आमच्यात वाटणीत विरजण द्यायचंच असतं. त्यानंतर तिच्याशी एक शब्द नाही.

पद्माला धरलं. "मेलं होतं आई. ऑफिसच्या गडबडीत दूध घालायचं राहिलं. अंबूकाकूंकडून आणलं. नवं होतं, जोर धरेपर्यंत चार दिवस गोड लागलं."

माझ्या पानात त्या बाईचं दही!

१४ एप्रिल
अंबूला फोन लावला. भांडायलाच. ती म्हणाली, "तुमचंच आहे अक्का. गेल्या उन्हाळ्यात माझं मेलं, तेव्हा पद्मानंच तुमच्यातलं आणून दिलं."

भांडण तिथंच राहिलं. फोन मात्र दोघींपैकी कुणी ठेवला नाही.